दीड ग्रॅम साखरेवर ३५ दिवस

रक्तदान झालं की दहा-पंधरा मिनिटं उठू देत नाहीत. कपभर चहा, बिस्किटाचा पुडा आणि डोक्यावर गरगरणारा पंखा. त्या वेळात माझं लक्ष पिशवीकडे असतं. गेल्या खेपेला सांगलीतल्या एका रक्तपेढीत ती शेजारच्याच टेबलावर होती, अजून कोमट. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने लेबलावर दोन तारखा घातल्या. एक रक्त घेतल्याची, दुसरी मुदत संपण्याची. मनात मोजलं, तर मध्ये बरोबर ३५ दिवस.

“ताई, पस्तीसच का?” मी विचारलं.

“पिशवीतली साखर तेवढीच पुरते, काका,” असं म्हणून ती पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधायला गेली.

तिचं उत्तर थोडं अपुरं होतं, पण मुळाला हात घालणारं होतं. पिशवी निर्जंतुक असते, सीलबंद असते, फ्रीजमध्ये २ ते ६ अंशांवर ठेवलेली असते. दुधासारखं ते रक्त नासत नाही. मुदत पडते ती आतल्या पेशी जिवंत असतात म्हणून. जिवंत आहे म्हणजे ते खाणार, आणि शिदोरी बांधून दिली तेवढीच. त्या दिवशी घरी आलो, कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि त्यानंतरचे कित्येक दिवस मला साधा गुणाकार करतानाही अंगावर काटा येत होता. ते आकडे इथे मांडतो.

पिशवीत ३५० मिलिलिटर रक्त. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान थेंबात, सुमारे ५० लाख तांबड्या पेशी. ३५० मिलिलिटर म्हणजे साडेतीन लाख घन मिलिमीटर. गुणाकार येतो पावणेदोन लाख कोटी. सेकंदाला एक याप्रमाणे रात्रंदिवस मोजत बसलं, तर ५५ हजार वर्षं लागतील.

आणि एवढ्या पंगतीसाठी शिधा किती? रक्त गोठू नये आणि पेशी जगाव्यात म्हणून पिशवीत आधीपासून ४९ मिलिलिटर द्रव भरलेला असतो. त्यात डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, जेमतेम दीड ग्रॅम. चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा. आमच्या उसाच्या भाषेत सांगायचं तर दोन-तीन बोटं रुंदीच्या कांडक्यातून जेवढी साखर निघते, तेवढीतच हे ग्लुकोज बसतं. कारण आपल्या नेहमीच्या साखरेत निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज असतं. क्रांती, कृष्णा, सह्याद्री, राजारामबापू, अजिंक्यतारा अशा कारखान्यांच्या आवारात हंगामात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. त्या रांगेतून रस्त्यावर गळून पडलेलं एखादं टिपरूसुद्धा अशा कित्येक पिशव्यांना पुरेल.

पेशी दीड ग्रॅमवर इतके दिवस काढते कशी, हे समजायचं तर तिने काय काय सोडून दिलं आहे ते आधी बघावं लागतं.

शाळेत आपण शिकलो की तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाघर. तिथे ऑक्सिजनच्या मदतीने ग्लुकोज पुरतं जळतं आणि एटीपी नावाचा रेणू तयार होतो. एटीपी हे पेशीचं चलन. पेशीतली बहुतेक कामं तेच मोडून होतात. आपल्या पुस्तकात पेशीचं चित्र असतं त्यात तंतुकणिका शेंगदाण्यासारख्या काढलेल्या असतात, आणि आपण धरून चालतो की पेशी म्हटली की त्या असणारच. २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी माणसाच्या शरीरातल्या पेशींची नव्याने मोजदाद केली. साधारण वजनाच्या पुरुषात सुमारे ३० लाख कोटी पेशी. त्यांतल्या २५ लाख कोटी तांबड्या रक्तपेशी. म्हणजे दर सहातल्या पाच. आणि पक्व तांबड्या पेशीत एकही तंतुकणिका नसते.

त्याच मोजणीत शरीरात वस्तीला असलेले जिवाणू भरले ३८ लाख कोटी. जिवाणूंनाही तंतुकणिका नसतात. दोन्ही धरून आपल्या कातडीच्या आत-बाहेर मिळून ६८ लाख कोटी पेशी, आणि त्यांतल्या ६३ लाख कोटींकडे ऊर्जाघर नाही. पुस्तकातलं ते चित्र ज्यांचं आहे, त्या पेशी आपल्याच अंगात अल्पसंख्य आहेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून दोन वेळा अंगणात फेऱ्या मारल्या होत्या.

अर्थात तांबडी पेशी जन्मतः अशी नसते. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत ती घडत असते तेव्हा तिच्यात केंद्रक असतं, तंतुकणिकाही असतात. हिमोग्लोबिन भरत आणलं की ती आधी केंद्रक बाहेर टाकते. मग उरलेल्या तंतुकणिका स्वतःच्याच आत वेढून पचवून टाकते. रक्तात आल्यावर एक-दोन दिवसांत ही आवराआवर पुरी होते. सस्तन प्राण्यांची ही खास रीत. कोंबडीच्या तांबड्या पेशीत मात्र केंद्रकही असतं आणि तंतुकणिकाही असतात.

सगळं सामान बाहेर काढून मोकळ्या केलेल्या त्या जागेत काय भरलं? एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू. प्रत्येक रेणूवर ऑक्सिजनचे चार रेणू बसतात. म्हणजे भरलेली एक पेशी फुप्फुसातून निघते तेव्हा तिच्यावर १०८ कोटी ऑक्सिजन रेणूंचा बोजा असतो. आणि यातला एकही ती स्वतः वापरत नाही. तंतुकणिका ठेवल्या असत्या तर वाटेतच त्यांनी या मालाला तोंड लावलं असतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती पाठीवरून वाहणारा हमाल जसा पोत्याला हात न लावता घरची भाकरी खातो, तशी ही पेशी. पाठीवर ऑक्सिजन, आणि तिचं स्वतःचं जेवण ऑक्सिजनशिवायचं.

दहावीच्या पुस्तकात त्याला विनॉक्सिश्वसन म्हटलं आहे. ग्लुकोजचा सहा कार्बनचा रेणू दहा पायऱ्यांनी मधोमध फुटतो आणि अखेर लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू होतात. सुरुवातीला खिशातले दोन एटीपी घालावे लागतात, पुढे चार मिळतात. हातात राहतात दोन. तंतुकणिका असलेली पेशी त्याच ग्लुकोजच्या रेणूतून ३० ते ३२ एटीपी काढते. एकाच मालाचे एकाला दोन रुपये, दुसऱ्याला तीस. असल्या हिशेबात संसार कसा चालतो?

तर असा चालतो. एक लिटर भरून नुसत्या तांबड्या पेशी घेतल्या, तर अंगाच्या उबेला त्या तासाला सुमारे दीड मिलिमोल ग्लुकोज खातात; वजनात पाव ग्रॅमच्या आसपास. हा आकडा घेऊन एका पेशीपर्यंत उतरत गेलं की कळतं, एक पेशी दर सेकंदाला ग्लुकोजचे सुमारे साडेबावीस हजार रेणू फोडते आणि ४५ हजार एटीपी कमावते. तिच्याजवळ शिल्लक असते आठेक कोटी एटीपींची. कमाई थांबली तर ही शिल्लक अर्ध्या तासात उडेल. आयुष्यभर तिची पुंजी अर्ध्या तासाची.

पेशीचं आयुष्य १२० दिवस. सेकंदांत एक कोटी तीन लाखांवर. तेवढ्या काळात ती २३ हजार कोटी ग्लुकोज रेणू फोडते. आकडा प्रचंड वाटतो, पण वजन केलं तर ही सगळी साखर तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा कमी भरते, शंभराला सत्तर. एवढ्यावर ती शरीरात सुमारे पावणेदोन लाख फेऱ्या मारते, कारण एका फेरीला साधारण मिनिट लागतं. फेरी दोन-तीन मीटरची धरली तरी जन्मभरात साडेतीनशे ते पाचशे किलोमीटरचा प्रवास. सांगलीहून मुंबई गाठेल एवढा, तोही स्वतःच्या रुंदीपेक्षा अरुंद गल्ल्यांतून. पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद. प्लीहेतल्या फटी जेमतेम एका मायक्रॉनच्या. दर वेळी अंग मुडपून आत शिरायचं आणि पलीकडे निघून पुन्हा बशीसारखं व्हायचं. 

चलन खर्च होतं कशावर? मोठा हिस्सा पंपावर जातो. पेशीच्या भिंतीत बसवलेले हे पंप एका एटीपीमागे सोडियमचे तीन कण बाहेर आणि पोटॅशियमचे दोन आत टाकतात. ते थांबले तर पेशीत पाणी शिरतं, ती फुगते आणि फुटते. काही खर्च बशीचा आकार टिकवण्यावर. शिवाय रोज हिमोग्लोबिनचा शेकडा एक ते तीन एवढा भाग गंजतो, म्हणजे त्यातलं लोह ऑक्सिजन धरायच्या कामाचं राहत नाही. तो गंज काढायची सामग्रीही याच साखर फोडण्यातून मिळते. केंद्रक नसल्यामुळे नवा विकर बनवता येत नाही. मज्जेतून निघताना जी हत्यारं मिळाली तीच चार महिने वापरायची. कारखान्यात बिघाड झाला तरी नवा सुटा भाग येणार नाही.

या ओढाताणीत पेशी आणखी एक गोष्ट करते, आणि ती मला सगळ्यांत हलवून गेली. दहा पायऱ्यांच्या वाटेत मध्येच एक आडवाट आहे. काही माल त्या आडवाटेने घातला तर बीपीजी नावाचा रेणू बनतो, पण तेवढ्यापुरते एटीपी पदरात पडत नाहीत. दोनाच्या कमाईतलंही सोडायचं. बीपीजी हिमोग्लोबिनच्या मधल्या खोबणीत जाऊन बसतो आणि त्याची ऑक्सिजनवरची पकड सैल करतो. पकड सैल झाली नाही तर फुप्फुसात भरलेला माल पोटरीच्या स्नायूत पोचूनही उतरणार नाही. पेशी स्वतःच्या कमाईला कात्री लावते ती दुसऱ्याला ऑक्सिजन नीट सोडता यावा म्हणून. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. त्या नऊ मिनिटांत त्यांच्या पायांना जो ऑक्सिजन मिळाला, त्यातला जवळपास सगळाच एटीपी सोडून देणाऱ्या या पेशींनी वाहून नेला होता.

आता एका पेशीवरून सगळ्या अंगावर येऊ.

पाच लिटर रक्त, २५ लाख कोटी पेशी. एका पेशीचं पृष्ठफळ सुमारे १३५ चौरस मायक्रॉन. सगळ्या पेशींची कातडी उलगडून एका थरात पसरली तर ३,३७५ चौरस मीटर जागा लागेल. गुंठ्यांत सांगतो: ३३ गुंठे. सातबाऱ्यावर स्वतःच्या नावाने एक गुंठाही नसलेला माणूस अंगात ३३ गुंठे घेऊन फिरत असतो. आणि तुम्ही पिशवीभर रक्त दिलंत की सव्वादोन गुंठे दिलेत.

पेशी एकीला एक लावून ओळीत मांडल्या, तर रांग १,८७,००० किलोमीटर. पृथ्वीला साडेचार वेढे देऊन उरेल. यांतल्या रोज २० हजार कोटींहून अधिक मरतात आणि तितक्याच नव्या घडतात. दर सेकंदाला सुमारे २४ लाख. तुम्ही हे वाक्य वाचून संपवेपर्यंत तुमच्या मज्जेने अख्ख्या सांगली आणि सातारा जिल्ह्यांच्या लोकसंख्येहून जास्त पेशी रक्तात सोडल्या असतील.

एवढ्या सगळ्या मिळून दिवसाला ग्लुकोज किती खातात? माझ्या हिशेबाने १५ ग्रॅमच्या आसपास; वैद्यकाच्या पुस्तकांतले काही अंदाज थोडे वरही जातात. तीन-चार चमचे. आपलं शरीर दिवसभरात जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं, ५०-६० किलो एटीपी घडवतं आणि मोडतं. त्यात दर सहातल्या पाच पेशींचा वाटा भरतो ८०-८५ ग्रॅम.

हे वॉटमध्ये मांडलं तेव्हा मला माझ्याच आकडेमोडीवर विश्वास बसेना. ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल होताना जी ऊर्जा सुटते ती दिवसावर वाटली, तर एका माणसाच्या सगळ्या तांबड्या पेशी मिळून वॉटच्या पाचव्या भागावर चालतात. देवघरात रात्रभर जळणारा छोटा एलईडी दिवा अर्ध्या वॉटचा असतो. त्याच्याही निम्म्याहून कमी ऊर्जेत २५ लाख कोटी पेशींचे पंप चालतात, गंज निघतो, आकार टिकतो.

मग मी जगाचा हिशेब केला. पृथ्वीवर ८२० कोटी माणसं. प्रत्येकी ०.२ वॉट. एकूण १६४ कोटी वॉट, म्हणजे १,६४० मेगावॉट. आमच्या कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. हिशेब ढोबळ आहे, लहान मुलांच्या अंगात रक्त कमी असतं हे धरलं तर आकडा आणखी खाली येईल. पण त्याचा अर्थ असा की अखिल मानवजातीच्या नसांतून वाहणाऱ्या तांबड्या पेशींना जगवायला लागणारी ऊर्जा पाटण तालुक्यात अडवलेल्या आणि पोफळीच्या बाजूला उतरवलेल्या एका नदीच्या क्षमतेत मावते.

आणि ते रक्त स्वतः किती? माणशी साडेचार लिटर धरा. ३,६९० कोटी लिटर. पावसाळ्यात आमच्याकडे पोरंसोरंही टीएमसीत बोलतात, म्हणून त्यातच सांगतो. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. सगळ्या माणसांचं सगळं रक्त सुमारे सव्वा टीएमसी. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं. धरणातून लाख क्युसेकने पाणी सुटलं तर सव्वा टीएमसी जायला साडेतीन तास पुरतात. सांगलीच्या आयर्विन पुलाखालून लोंढा जाताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना या साडेतीन तासांचा अर्थ सांगावा लागणार नाही.

कोयनेच्या धरणाचं नाव निघालंच आहे तर असंच धरण बांधणाऱ्या जिवाणूंबद्दल थोडं. तंतुकणिका नाही म्हणजे ऑक्सिजनवर श्वसन नाहीच, असं समजायचं कारण नाही. उसाच्या वावरातल्या एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, आणि त्यांतले कितीतरी ऑक्सिजन घेऊन आपल्याइतकंच पुरतं श्वसन करतात. त्यांनी धरण आपल्या बाहेरच्या भिंतीतच बांधलं आहे. अन्न जाळून मिळालेल्या ऊर्जेने ते प्रोटॉन भिंतीपलीकडे ढकलतात. पलीकडे साठा होतो. साठा परत आत येऊ बघतो, आणि वाटेत बसवलेलं चक्र फिरवतो. ते चक्र सेकंदाला शंभराच्या आसपास फेरे घेतं आणि प्रत्येक फेऱ्यात तीन एटीपी घडतात. भिंत सहा-सात नॅनोमीटर जाड, तिच्या दोन्ही अंगांतला दाब ०.१५ व्होल्ट. आकडा क्षुल्लक वाटतो, पण मीटरवर मांडला तर दोन कोटी व्होल्टच्या वर जातो. हवेत वीज कडाडायला मीटरला ३० लाख व्होल्ट पुरतात. आपल्या पेशींतल्या तंतुकणिका याच घराण्यातल्या. कधीकाळी दुसऱ्या पेशीत शिरलेल्या आणि तिथेच राहिलेल्या जिवाणूंच्या त्या वंशज.

दह्यातले जिवाणू मात्र तांबड्या पेशीच्या वाटेने जातात. भिलवडीच्या दुधाला घरी विरजण लावलं की सकाळपर्यंत एका ग्रॅम दह्यात १० कोटींपासून १०० कोटींपर्यंत जिवाणू असतात. तेही ग्लुकोज मधोमध फोडतात, दोन एटीपी घेतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. तीच दहा पायऱ्यांची वाट. दह्याला आंबटपणा आणणारं आम्ल आणि आपल्या रक्तात या क्षणी तांबड्या पेशी सोडत असलेलं आम्ल एकाच जातीचं. मग रक्त आंबट का होत नाही?

कारण यकृत ते उचलून नेतं. लॅक्टिक आम्ल यकृतात जातं, तिथे दोन रेणू जोडून पुन्हा ग्लुकोज होतं आणि रक्तात परत येतं. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने हे चक्र उलगडलं. १९४७ चं नोबेल त्यांना मिळालं. यात हिशेब असा आहे की तांबडी पेशी ग्लुकोज फोडून दोन एटीपी मिळवते आणि तोच रेणू पुन्हा बांधायला यकृत सहा खर्च करतं. दोनाच्या कमाईमागे सहाचा खर्च. ते सहा यकृताकडे येतात कुठून? त्याच्या तंतुकणिकांतून. आणि तंतुकणिकांना ऑक्सिजन कोण आणून देतं? तीच तांबडी पेशी. हमाल माल पोचवतो आणि घरधनी त्याची भाकरी थापून देतो. भाकरीला हमालाच्या कमाईच्या तिप्पट जळण लागतं, तरी देतो.

पिशवीत यकृत नाही.

इथे पुन्हा त्या टेबलावर येऊ. पावणेदोन लाख कोटी पेशी, दीड ग्रॅम ग्लुकोज, शिवाय रक्ताबरोबर आलेलं थोडं. अंगाच्या उबेला या पेशी दिवसाला एक ग्रॅम खातील. शिदोरी दुसऱ्या दिवशी संपेल. म्हणून थंडी. चार अंशांवर दहाही पायऱ्या मंदावतात, खाणं निदान वीस पट कमी होतं, आणि दोन दिवसांचं अन्न महिन्यावर पुरतं. पण थंडीत पंपही मंदावतात, पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. लॅक्टिक आम्ल उचलायला कोणी नाही, ते पिशवीतच साठतं. आम्ल वाढलं की साखर फोडणारे विकरच अडखळतात, म्हणजे अन्न थोडं उरलं असलं तरी खाता येत नाही. बीपीजी तर पहिल्या दोन आठवड्यांतच जवळपास संपतं. रोग्याच्या अंगात गेल्यावर ते हळूहळू पुन्हा भरतं. एटीपी उतरत जातं, बशीसारख्या पेशीला काटे फुटतात, मग ती गोळा होते. रक्त दिल्यावर चोवीस तासांनी निदान पाऊण भाग पेशी रोग्याच्या अंगात टिकल्या पाहिजेत, हा मुदत ठरवण्याचा दंडक. ३५ हा आकडा त्यातून आला. नुसत्या तांबड्या पेशी वेगळ्या काढून अधिक चांगल्या द्रवात ठेवल्या तर ४२.

ही शिदोरी बांधायची कल्पना शंभर वर्षांपूर्वीची. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस आणि टर्नर यांनी सायट्रेटबरोबर ग्लुकोज घालून पाहिलं आणि तांबड्या पेशी चार आठवडे टिकवल्या. पुढच्याच वर्षी ऑस्वाल्ड रॉबर्टसन या लष्करी डॉक्टरने त्याच युक्तीने युद्धभूमीमागे साठवलेलं रक्त जखमींना दिलं. त्या दहा पायऱ्या पुऱ्या उलगडल्या १९४० च्या सुमारास. पेशी साखर कशी खाते हे ठाऊक नसतानाच तिला साखर देणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार माया वाटते.

बहुतेक रक्तगटांच्या बाबतीत ३५ दिवस पुरतात. एक पिशवी जाते, दुसरी येते. आमच्या या पट्ट्यात मात्र एक गट असा आहे की ज्याला हे पस्तीस दिवस छळतात. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो शोधला, म्हणून जगभर त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. ए, बी आणि ओ या तिन्ही गटांच्या पेशींवर एच नावाचा जो पाया असतो, तोच या माणसांच्या पेशींवर नसतो. साध्या तपासणीत त्यांचा गट ओ दिसतो, पण ओ गटाचं रक्त त्यांना चालत नाही. चालतं फक्त बॉम्बे गटाचं. जगात दर दहा लाखांत चारेक माणसं अशी, भारतात साधारण दहा हजारांत एक. रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात हा गट तुलनेने जास्त आढळतो. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली मिळून ५८ लाख माणसं होती. दहा हजारांत एक धरला तर दोन जिल्ह्यांत ५८० च्या आसपास, आणि त्यांतल्या अनेकांना आपला गट ठाऊकही नसणार.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. पुरुषाला पुन्हा रक्त देता येतं ९० दिवसांनी, स्त्रीला १२० दिवसांनी. पिशवी टिकते ३५ दिवस. एका माणसाने आपल्या गटासाठी नेमाने रक्त देऊन ठेवायचं म्हटलं, तरी दर तीन महिन्यांत ५५ दिवस कपाट रिकामं. कुणाचं बाळंतपण, कुणाचा अपघात त्या ५५ दिवसांतच येतो. म्हणून या गटाचं रक्त बरंचसं फ्रीजमध्ये नसतं. ते माणसांत असतं. याद्या असतात, फोन नंबर असतात. रात्री फोन वाजतो आणि कुणीतरी मोटारसायकल काढतो किंवा फाट्यावर येऊन एसटीची वाट बघतो, नावही माहीत नसलेल्या माणसासाठी.

त्याच्या अंगात त्याच्या पेशी ३७ अंशांवर पूर्ण वेगाने खात असतात. यकृत आम्ल उचलत असतं, मज्जा सेकंदाला २४ लाख पेशी सोडत असते. तो जी पिशवी देणार आहे, ती मज्जेची साडेआठ दिवसांची सगळी घडण. पहाटे तो रक्तपेढीत पोचतो, बाही वर करतो, मूठ आवळतो. सुई शिरते तेव्हा पिशवीच्या तळाशी ४९ मिलिलिटर द्रव आधीच थांबलेला असतो, आणि त्यात दीड ग्रॅम साखर.